मायक्रोबिट, सात महिने वापरल्यावर: बोर्ड गुणी, केबल घातकी

पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला चार दिवस उरले होते आणि आमच्या १२ मायक्रोबिटपैकी ७ बोर्ड बंद पडले. त्या संध्याकाळी संतापात मी हे लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "घेऊ नका, पैसे पाण्यात." ते खोडलंय. पण राग तेव्हा खरा होता, म्हणून सांगून ठेवते.

मी ऐरोलीतल्या एका मराठी शाळेत संगणक शिकवते. आठवीचा पट ४८, लॅबमध्ये संगणक १४, त्यातले चालू ११. मायक्रोबिट म्हणजे तळहातावर मावणारा, मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचा छोटा बोर्ड: पाच बाय पाच दिव्यांचा पडदा, दोन बटणं, तापमान आणि दिशा मोजायची सोय, रेडिओ. प्रोग्राम संगणकावर बनवायचा आणि केबलने बोर्डात टाकायचा. आमचे बोर्ड व्ही२ आहेत, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचे, स्पीकर आणि माइकवाले.

पैशांचं आधी. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने शाळेला २० हजार दिले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, चांगला प्रिंटर घ्या." प्रिंटरला मुलं हात लावू शकत नाहीत, याला लावतील, या एका मुद्द्यावर मी आठ दिवस किल्ला लढवला. बोर्ड सोळाशेच्या आसपास पडला. केबल आणि सेलच्या डबीसकट संच हवा असेल तर वर दोन-अडीचशे. मी हिशेब केला, १२ बोर्डांमागे तीन हजार वाचतात, आणि मायक्रो यूएसबी केबल तर आता घरोघरी खणात पडून असतात, कारण फोन सगळे टाइप-सीवर गेलेत. मुलांना सांगितलं, घरून जुनी केबल आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर १९ केबलांचा गुंता. मला माझ्या काटकसरीचा फार अभिमान वाटला. पुढचं सगळं रामायण या एका निर्णयातून आहे.

जाता जाता एक गंमत. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाच्या योजनेतून शाळांमध्ये संगणक पाठवले, तेव्हा आलेलं यंत्र होतं बीबीसी मायक्रो, ब्रिटनच्या बीबीसीच्या नावाचा शाळेतला संगणक. हा मायक्रोबिट त्याच घराण्यातला नातू. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना तो फुकट वाटला, प्रत्येकाला आपापला. आमच्याकडे चौघांत एक. म्हणजे एकजण माउस धरतो, एकजण बोर्ड धरतो, तिसरा हुकूम सोडतो आणि चौथा दर पाच मिनिटांनी येऊन सांगतो, "बाई, हे मला देतच नाहीत."

पहिल्या तासाला बाराही गटांकडून एकच तक्रार आली: फाइल गायब झाली. मायक्रोबिट संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यात हेक्स फाइल, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, टाकली की मागचा छोटा दिवा लुकलुकतो, ड्राइव्ह क्षणभर नाहीसा होतो आणि परत येतो तो फाइल नसलेला. प्रोग्राम आत बसलेला असतो, पण मुलांना वाटतं आपण काहीतरी पुसून टाकलं. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं, घरी, रात्री अकराला.

मुलं याला महिन्याभरात सरावली. पडद्यावर मराठी अक्षरं सरकत जात नाहीत, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मग पाच बाय पाचच्या चौकटीत दिवे पेटवून अक्षरं काढायचा नाद लागला. 'ग' जमतो, 'ट' ओढूनताणून जमतो, 'ज्ञ' काढून दाखवणाऱ्याला मी चॉकलेट लावलंय, ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तापमानाचा तास मात्र मी ठरवून घेतला असता तरी इतका चांगला झाला नसता. भिंतीवरचा तापमापक ३१ दाखवत होता, बोर्ड ३४. बाराच्या बारा बोर्ड जास्तच दाखवत होते. बिघडलेत म्हणावं तर सगळेच एका बाजूला कसे बिघडले? वर्गात पाच मिनिटं गोंधळ. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, हा खोलीचा नाही, स्वतःचाच ताप मोजतोय." शंभर टक्के बरोबर. यात जो आकडा येतो तो प्रोसेसरचा असतो. मी दोन दिवस तयारी केलेलं सेन्सरवरचं व्याख्यान गुंडाळून ठेवलं.

होकायंत्राच्या तासाला उत्तर दिशा प्रत्येक बाकावर वेगळी. कारण बाकावर प्रत्येकाची पत्र्याची कंपासपेटी, आणि बोर्ड नेमका तिच्यावर ठेवलेला. कंपासवर कंपास! शिवाय बोर्डच्या खालच्या कडेचे सोनेरी पट्टे उघडे असतात, पत्रा लागला तर शॉर्ट होऊ शकतो. तेव्हापासून नियम आहे: बोर्ड वहीवर ठेवायचा.

रेडिओच्या तासाला चूक माझी. एकाच ग्रुप क्रमांकावरचे बोर्ड एकमेकांचे बिनतारी निरोप पकडतात. उदाहरण म्हणून फळ्यावर 'ग्रुप १' लिहिलं, मुलांनी इमानदारीत तेच उतरवलं. मग एकाने पाठवलेलं बदामाचं चित्र एकदम बारा बोर्डांवर. ते कुणी कुणाला पाठवलं याचा तपास मधल्या सुट्टीपर्यंत चालला. ० ते २५५ असे २५६ ग्रुप मोकळे असताना! आता गटातल्या पहिल्या मुलाचा हजेरी क्रमांक हाच त्यांचा ग्रुप.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच दिले असते. अडलं ते गुणांपाशी. आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांचे रकाने भरायचे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये माझी पद्धत सरळ होती: चाललं तर दहा. बाराही गटांचं चाललं. सगळ्यांना नऊ किंवा दहा. नोंदवही इतकी देखणी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

मुलं प्रोग्राम मेककोडमध्ये बनवतात, तिथे ठोकळ्यांसारखे ब्लॉक्स जोडायचे असतात. मेककोडची हेक्स फाइल परत मेककोडमध्ये ओढली की मूळ ब्लॉक्स जसेच्या तसे उघडतात. एका रविवारी मी सगळ्या फाइली उघडून बघितल्या. पावलं मोजायच्या प्रकल्पात एका गटाने सूर वाजवण्याचा एक ब्लॉक वापरायचा म्हणून आणला होता आणि कोपऱ्यात सोडून दिला होता. कशालाच न जोडलेला ब्लॉक करडा पडतो, तसा तो पडलेला. तोच करडा ब्लॉक, त्याच कोपऱ्यात, आणखी तीन गटांच्या फाइलींत. फाइलींची नावं तेवढी वेगळी. बोर्डाला काय, तो नकलेचा प्रोग्रामही तितक्याच निष्ठेने चालवतो.

मग पद्धत बदलली. सू सेंटन्स नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधिकेने प्रोग्रामिंग शिकवण्याचा एक क्रम मांडला आहे: आधी भाकीत करा, मग चालवा, मग तपासा, मग बदला, आणि शेवटी आपलं स्वतःचं बनवा. मी भाकितावर जोर दिला. प्रोग्राम फळ्यावर, बोर्ड माझ्या टेबलावर, ए बटण तीनदा दाबलं तर काय दिसेल ते वहीत लिहा. मोजणीचा साधा प्रोग्राम, फक्त 'मोजणी शून्य करा' हा ब्लॉक मी सुरुवातीला न ठेवता 'फॉरएव्हर'च्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालत राहणाऱ्या भागाच्या, आत ठेवलेला. ४८ पैकी ४० जणांनी ३ लिहिलं. बोर्डवर शून्यच. कितीही दाबा, शून्य. एकजण म्हणाला, "बाई, आपण मोजतोय आणि तो दर वेळी पाटी पुसतोय." दहापैकी दहा कशाला द्यायचे ते मला त्या दिवशी कळलं.

आता केबल.

सप्टेंबरच्या शेवटी घरून आणलेल्या केबल एकेक करून गेल्या. कुणाची टोकाशी मोडली, कुणाची हलवली तरच चाले. मायक्रो यूएसबीला उलट-सुलट असतं आणि आठवीच्या मुलांना धीर नसतो. ठाणे स्टेशनबाहेर एका फेरीवाल्याकडे ४० रुपयांना एक मिळत होती. सात घेतल्या, घासाघीस करून अडीचशेत. कोऱ्या, पांढऱ्या, प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि बोर्ड 'मेले'. मेले म्हणजे कसे? लाल दिवा लागतो, आधीचा प्रोग्राम छान चालतो, फक्त संगणक 'टिंग' करत नाही. ड्राइव्ह दिसतच नाही. मी बोर्ड बदलून पाहिले, संगणक बदलून पाहिले, मागचे-पुढचे सगळे पोर्ट पाहिले, पन्नासदा रीस्टार्ट केलं. केबल बदलून पाहिली नाही, कारण केबल तर नवीन होती.

विक्रेत्याला व्हॉट्सअॅप केलं. उत्तर आलं, "मॅडम, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" जूनमध्ये १२ खोकी उघडताना व्हिडिओ कोण काढतं? मग, "फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही." मी ग्राहक मंचापर्यंत गेले, म्हणजे मेसेजमध्ये. तो म्हणाला, दुकानात घेऊन या.

तोवर परीक्षा आली. बोर्ड पाच, मुलं ४८. कागदाचा आधार घेतला. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली एक प्रकार मांडला होता: प्रोग्रामच्या ओळी सुट्या पट्ट्यांवर द्यायच्या, मुलांनी त्या योग्य क्रमाने लावायच्या. त्यात एक-दोन पट्ट्या मुद्दाम चुकीच्या मिसळायच्या. मी झेरॉक्स काढली, रात्री घरच्यांना कात्र्या धरायला लावल्या आणि ४८ पाकिटं भरली. एक गोष्ट विसरले. लॅबमध्ये पंखे होते. पहिल्याच मिनिटाला अर्ध्या वर्गाचे प्रोग्राम जमिनीवर. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखे बंद करून परीक्षा घेतली. मुलं घामाने भिजली, पट्ट्याही.

पण निकाल बघून मी बसूनच राहिले. वर्षात पहिल्यांदा प्रत्येक मूल एकटं सापडलं होतं. दहा-दहा गुण मिळवणाऱ्या एका गटातला हुकूम सोडणारा तीनवर. आणि "मला देतच नाहीत"वाला, त्याला दहापैकी नऊ. चुकीची पट्टी त्याने बाजूला काढून वर उलटी ठेवली होती, चुकून कुणी उचलू नये म्हणून. दिवाळीनंतर गट फोडले. माउस आता त्याच्याकडे असतो.

दिवाळीच्या सुट्टीत सातही बोर्ड पिशवीत घालून निघाले. ऐरोली ते ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर दुकान. भांडणाची तालीम गाडीतच झाली होती. काउंटरवरच्या पोराने बोर्ड घेतला, स्वतःच्या केबलने लावला. टिंग. दुसरा, टिंग. सातही टिंग. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमची केबल दाखवता का?"

त्याने दोन मिनिटांत समजावलं ते मी जूनपासूनच मुलांना शिकवायला हवं होतं. यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्त केबलमध्ये कधीकधी विजेच्या दोनच असतात. दिवा लागतो, बोलणं होत नाही. बाहेरून बघून काहीही कळत नाही. घरी तपासायचं तर त्या केबलने एखादा जुना फोन संगणकाला लावा आणि फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा. फोनमधल्या फाइली दिसल्या तर केबल पुरी, नुसता चार्ज झाला तर अर्धी. सात केबल १२० रुपयांना एक, १०० पर्यंत आणल्या. सातशे, अधिक वाया गेलेले अडीचशे, अधिक गाडीभाडं, अधिक त्या पोरासमोर गेलेली अब्रू. तीन हजार वाचवले होते ना, त्यातून वजा करते आहे.

विक्रेत्याला सॉरी म्हणून मेसेज केला. त्याने हात जोडलेली खूण पाठवली, बास. ही दुकानदारी मला आवडली.

तर तारे. पाचपैकी चार. पाचवा केबलसाठी कापलाय. यात बोर्डाचा दोष नाही हे पुरतं ठाऊक असूनही कापलाय. घेणार असाल तर केबलवाला संच घ्या, आणि गुण देताना बोर्ड कपाटात ठेवा.

डेटावाल्या सातही केबलच्या टोकाला मी लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय. गेल्या आठवड्यात मोजल्या तर सहाच भरल्या. सातवी स्टाफरूममध्ये सापडली, गणिताच्या सरांचा जुना फोन तिला लटकलेला. मी ती काढून घेतली आणि चाळीसवाल्यांतली एक त्यांना लावून दिली. संध्याकाळी भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, फर्स्टक्लास चार्ज होतो हो हिच्यावर."