काका की पुतण्या? दोन क्लिंटन गव्हर्नर

भाची न्यूयॉर्कला शाळेत आहे. राज्याच्या एका जुन्या गव्हर्नरवर प्रकल्प करायचाय आणि जॉर्ज क्लिंटन की त्याचा पुतण्या डेविट, इथे गाडी अडलीय. (काका-पुतण्या म्हटल्यावर आपले कान टवकारणारच, पण इथे भांडण नाही. पुतण्या काकांचाच सचिव होता.)

खुर्चीचा हिशोब केला तर काका भारी. १७७७ मध्ये राज्याचा पहिला गव्हर्नर, एकूण २१ वर्षं सत्तेत, पुढे उपराष्ट्राध्यक्ष. पुतण्या जेमतेम साडेआठ वर्षं.

मागे काय उरलं? इथे पुतण्या पुढे. ईरी सरोवर हडसन नदीला जोडणारा ३६३ मैलांचा ईरी कालवा त्याने रेटून नेला, तेव्हा त्याला लोक ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हसले. १८२४ मध्ये विरोधकांनी डेविटला कालवा मंडळावरून काढलं, तर चिडलेल्या मतदारांनी त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून दिलं. १८२५ मध्ये त्याने ईरी सरोवराचं पिंपभर पाणी न्यूयॉर्कच्या समुद्रात ओतलं. काकांचा १७८८ चा अमेरिकेच्या राज्यघटनेला विरोध महत्त्वाचा, पण तो चित्रात दाखवणार कसा?

नकाशा, मॉडेल करायचं तर डेविट. वादविवाद, राज्यांचे हक्क यात रस असेल तर जॉर्ज. भाचीच्या हातात आत्ताच कात्री-पुठ्ठा आहे.