नेहमीचे समुपदेशन की श्रद्धेची दखल घेणारे?

समुपदेशन घ्यायचे हे ठरले, की पुढचा प्रश्न येतो. श्रद्धेचा विषय बाजूला ठेवून काम करणाऱ्याकडे जावे, की ती विचारात घेणाऱ्याकडे? दोघेही प्रशिक्षित आहेत, गोपनीयता पाळतात आणि सत्र साधारण ५० मिनिटांचे असते, असे धरून चालू. धर्मगुरूंचा सल्ला आधार म्हणून मोलाचा असतो, पण नैराश्य किंवा पॅनिक अटॅक ओळखणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून तो पर्याय इथे घेतलेला नाही.

प्रश्न नेमका असेल, म्हणजे विमानप्रवासाची भीती, परीक्षेचा ताण, उडालेली झोप, तर नेहमीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती, पुरेशी ठरते. धर्माच्या नावाखाली जखमा झालेल्यांनाही तिथे मोकळा श्वास मिळतो. परिणामातही फार तफावत दिसत नाही. दीर्घ आजार आणि नैराश्य असलेल्या रुग्णांवरची एक अमेरिकन चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. तीत धार्मिक आशय जोडलेली सीबीटी आणि साधी सीबीटी जवळपास सारख्याच उपयोगी ठरल्या. जास्त श्रद्धाळू लोकांना पहिलीचा थोडा अधिक फायदा झालेला दिसला.

तरीही मी दुसरा मार्ग निवडला, तो एका त्रासापायी. ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ असे म्हटले, की समोर ‘आवडत्या गोष्टींतला रस कमी झाला’ अशी नोंद होते. नोंद चुकीची नाही, पण अर्धी आहे. देवाने आपल्याला टाकले, हे आजारपण म्हणजे शिक्षा आहे, ही भीती त्या वाक्यामागे असू शकते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी याला ‘नकारात्मक धार्मिक सामना’ (निगेटिव्ह रिलिजस कोपिंग), म्हणजे संकटात श्रद्धाच आधाराऐवजी त्रासाचे कारण होणे, म्हटले आहे, आणि तो जास्त मानसिक त्रासाशी जोडलेला आढळतो. कोणी विचारले नाही तर माणूस हे सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत तो आपली वाक्ये आधीच छाटून आणू लागतो, आणि ज्यासाठी आलो तेच सांगायचे राहून जाते.

श्रद्धेची दखल घेणारा चांगला समुपदेशक सुरुवातीलाच चार गोष्टी विचारतो: तुमची श्रद्धा काय, ती जगण्यात किती महत्त्वाची, तुमच्यासोबत कोणता समुदाय आहे, आणि उपचारात ती कशी यावी. डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६मध्ये मांडलेल्या ‘फिका’ पद्धतीचा हाच गाभा. पण असा समुपदेशक तिथेच थांबत नाही. थकवा असेल तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला डॉक्टरांकडे पाठवतो. झोप आणि चालू औषधे विचारतो. उपवासाचीही चौकशी करतो, कारण लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्याने पाणी न पिता उपवास केला तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते.

फरक सर्वात ठळक दिसतो तो धार्मिक आशयाच्या ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात. ‘प्रार्थना नीट झाली नाही’ म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्याला कोणी ‘झाली हो नीट’ असा दिलासा दिला, तर तो घटकाभर टिकतो आणि चक्र घट्ट होते. इथे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे शंकेला सामोरे जायचे पण ती कृती करायची नाही ही पद्धत, लागते: प्रार्थना एकदाच, शंका आली तरी पुन्हा नाही. मर्यादा कुठे आखायची, हे रुग्णाच्या संमतीने धर्मगुरूंना विचारून ठरवता येते. मग उपचार म्हणजे पाप, असे वाटत नाही.

धोके इथेही आहेत. समुपदेशक तुमच्याच धर्माचा असला तर तो बरेच काही गृहीत धरतो आणि विचारायचे सोडून देतो. म्हणून मला त्याच्या धर्मापेक्षा त्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे वाटते. ‘श्रद्धा कमी पडतेय’ असे म्हणणारा, न विचारता प्रार्थना सुरू करणारा, गोळ्या बंद करायला सांगणारा दिसला, तर तिथून निघावे. फोनवरच विचारून घ्या: पदवी आणि नोंदणी कोणती, ओसीडीवर कोणती पद्धत वापरता, माझा विश्वास तुमच्यापेक्षा वेगळा निघाला तर काय कराल?

सध्याचे समुपदेशन सुरू असेल तर लगेच सोडायची गरज नसावी. पुढच्या सत्रात श्रद्धेचे एक वाक्य न छाटता बोलून पाहा. पुढचा प्रश्न त्याच वाक्यावर आला, तर त्याच समुपदेशकाकडे राहा. दोन-तीनदा विषय दुसरीकडेच वळला, तर मी तरी दुसरा शोधायला लागेन.