कॅमकॉर्डरचा फोटो अल्बमला पुरेल का? दोन कॅमकॉर्डर आणि दोन कॅमेरे यांची तुलना

मुलीच्या अरंगेत्रमचे (नृत्याच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाचे) किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे संपूर्ण चित्रीकरण व्हावे आणि त्याच यंत्रातून अल्बमपुरते फोटोही निघावेत, अशा अपेक्षेने कॅमकॉर्डर घ्यायला निघालेल्यांसाठी हा आढावा आहे. खोक्यावर ‘9.2 मेगापिक्सेल फोटो’ (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, म्हणजेच चित्रातले ठिपके) असे छापलेले असते आणि तेवढ्यावरून वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही, असा समज सहज होतो. तो समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी मी चार यंत्रे निवडली आहेत: सोनीचा एचडीआर-सीएक्स405 हा 2015 सालचा साधा एचडी कॅमकॉर्डर, त्याच कंपनीचा एफडीआर-एएक्स53 हा 2016 सालचा 4के कॅमकॉर्डर, खिशात मावणारा सोनी आरएक्स100 (2012) आणि लांब झूमचा पॅनासॉनिक एफझेड1000 (2014). नवी मॉडेल पाहणाऱ्यांनाही हाच हिशेब लावता येईल, कारण फरक नावाचा नसून आतल्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा) आणि भिंगाचा आहे.

सीएक्स405च्या सेन्सरवर चित्रासाठी प्रत्यक्ष वापरले जाणारे पिक्सेल सुमारे 22.9 लाख आहेत. फोटो मात्र 92 लाख पिक्सेलचा साठवला जातो. म्हणजे प्रत्येक खऱ्या पिक्सेलमागे तीन पिक्सेल कॅमेऱ्याने शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. एएक्स53मध्येही हाच प्रकार आहे, पण सौम्य: सेन्सरवर सुमारे 83 लाख, फोटोत 1 कोटी 66 लाख. म्हणून पहिल्याचा आकडा चार पटींनी आणि दुसऱ्याचा दोन पटींनी कमी करूनच विचार करावा. कंपनी सविस्तर माहितीपत्रकात खरा आकडा देते, तो ‘इफेक्टिव्ह पिक्सेल’ या ओळीत सापडतो, आणि खरेदीपूर्वी वाचायची ओळ तीच आहे.

आता छपाईचा हिशेब. इंचाला 300 पिक्सेल हे प्रमाण धरले तर 4×6च्या प्रिंटला सुमारे 21.6 लाख पिक्सेल लागतात आणि अल्बमच्या 12×18च्या पानाला 1 कोटी 94 लाख. सीएक्स405चा फोटो त्यामुळे 4×6च्या काठावर येऊन थांबतो. त्यातही त्याची चौकट टीव्हीसारखी 16:9 असल्याने 4×6च्या कागदावर बसवताना दोन्ही बाजू कापल्या जातात आणि थोडे पिक्सेल आणखी जातात. एएक्स53मधून 6×9पर्यंत निर्धास्तपणे छापता येते आणि 8×12सुद्धा थोड्या अंतरावरून चांगले दिसते. आरएक्स100 आणि एफझेड1000 या दोघांकडे दोन कोटींच्या आसपास खरे पिक्सेल आहेत, त्यामुळे 12×18चे पान त्यांना जमते.

पिक्सेलपेक्षाही निर्णायक गोष्ट म्हणजे सेन्सरचे क्षेत्रफळ, आणि याच बाबतीत ग्राहकाला सर्वांत कमी माहिती दिली जाते. आरएक्स100 आणि एफझेड1000 यांचा सेन्सर 13.2×8.8 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 116 चौरस मिलिमीटर आहे. एएक्स53चा वीस-बावीस चौरस मिलिमीटर भरतो. सीएक्स405चा जेमतेम चार. भरदुपारी अंगणात काढलेल्या फोटोत हा फरक फारसा जाणवत नाही. संध्याकाळी मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली मात्र लहान सेन्सरवर पडणारा प्रकाश इतका तोकडा असतो की चित्रात रंगीत दाणे उमटतात, ते पुसण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि त्या सफाईत तपशीलही पुसला जातो. पैठणीचा पदर नीट पाहावा. सीएक्स405च्या घरातल्या फोटोत जरीचा एक पिवळसर पट्टा दिसतो, त्यातले मोर ओळखू येत नाहीत, आणि कपाळावरच्या सुट्या केसांचा एकच काळपट डाग होतो. मोबाइलच्या पडद्यावर हे लपते, प्रिंटमध्ये लपत नाही. शिवाय घरगुती कॅमकॉर्डरना बहुधा फ्लॅश नसतो, तर उरलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांमध्ये तो अंगचाच आहे. घरातल्या समूहफोटोसाठी हा एक मुद्दाही पुरेसा ठरावा.

असे असले तरी कॅमकॉर्डरला एका ठिकाणी खरी जमेची बाजू आहे, आणि ती म्हणजे अंतर. समजा, तुम्ही प्रेक्षागृहात रंगमंचापासून 15 मीटरवर बसला आहात आणि नृत्य करणाऱ्या मुलीचा डोक्यापासून कमरेपर्यंतचा, साधारण एक मीटर रुंदीचा भाग तुम्हाला हवा आहे. आरएक्स100चा झूम 100 मिलिमीटरला संपतो (ही सगळी मापे 35 मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत; आकडा जितका मोठा तितके दृश्य जवळ), म्हणजे पूर्ण झूम करूनही चौकटीत पाच मीटरहून अधिक रुंद रंगमंच येतो आणि त्यातून तो एक मीटर कापून घेतला तर रुंदीत जेमतेम 1000 पिक्सेल उरतात. सीएक्स405 हा 804 मिलिमीटरपर्यंत पोहोचत असल्याने तीच चौकट सेन्सरभर भरून घेतो आणि रुंदीत सुमारे 2000 खरे पिक्सेल देतो. एएक्स53चा झूम 536 मिलिमीटरचा, म्हणजे या चौकटीला जवळजवळ तंतोतंत बसणारा. तो 3800 पिक्सेलपर्यंत देतो. प्रतिष्ठेचा आणि गुणवत्तेने सरस असलेला आरएक्स100 मागच्या रांगेतून हरतो, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण गणित सरळ आहे. एफझेड1000 मात्र 400 मिलिमीटरपर्यंत जातो, थोडे कापूनही 4000 पिक्सेल राखतो आणि मोठ्या सेन्सरमुळे त्या कापलेल्या भागावरही एएक्स53पेक्षा जास्त प्रकाश घेतो. दोन्ही कॅमकॉर्डर आणि एफझेड1000 या तिघांच्या भिंगाचे तोंड (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण झूमवर जवळपास सारखेच, एफ/4च्या आसपास असते, म्हणून ही तुलना न्याय्य आहे. केवळ फोटोंचा प्रश्न असता तर मी एफझेड1000 सोडून दुसऱ्या कशाचा विचारच केला नसता.

चालू चित्रफितीतून एखादी चौकट काढून तीच फोटो म्हणून वापरावी, असाही एक मार्ग आहे. एचडी चित्रफितीच्या चौकटीत 1920×1080, म्हणजे 20.7 लाख पिक्सेल असतात आणि 4केच्या चौकटीत 83 लाख. यामुळे एएक्स53मध्ये चित्रफितीतली चौकट आणि बटण दाबून काढलेला फोटो यांतले अंतर खूपच कमी होते, आणि अचूक क्षण नंतर निवडता येण्याचा लाभ मोठा असतो. पण दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. चित्रीकरणात शटर साधारणपणे 1/50 सेकंद उघडे असते. त्यामुळे चित्रफीत डोळ्यांना प्रवाही वाटते, परंतु चौकट थांबवली की फिरकी घेणारा हात धुरकट दिसतो. शटर 1/250 करावे तर प्रकाश पाचपट घटतो, आणि आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणाऱ्या काही दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. त्यापेक्षा 1/100 ठेवावे आणि मुद्रा स्थिर झाल्याचा क्षण निवडावा. दुसरी अडचण 50आय या चित्रीकरण-प्रकाराची: त्यात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जातात, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंच्या कडा दातेरी दिसतात. चौकटी काढायच्याच असतील तर 50पी किंवा 25पी निवडावे, त्यांत पूर्ण चौकट एकत्र टिपली जाते.

हाताळणीबाबत थोडक्यात सांगतो. कॅमकॉर्डरची मूठ आडव्या चित्रासाठी घडवलेली असते, मनगट वळवून उभा फोटो काढणे अवघड जाते, आणि वधूचा उभा फोटो हा तर अल्बमचा कणा असतो. उलट सीएक्स405 सुमारे दोनशे ग्रॅमचा आहे आणि एफझेड1000 आठशेच्या वर. दीड तास हातात धरताना हे वजन जाणवते. अनेक जुन्या फोटो-कॅमेऱ्यांचे चित्रीकरण 29 मिनिटे 59 सेकंदांनी आपोआप थांबते, तेव्हा अखंड कार्यक्रम टिपण्याच्या कामात त्यांच्यापुढे कॅमकॉर्डर सरस ठरतो.

मोबाइलचे काय, असे कोणी विचारेल. जवळून, घरात, माणसांचे फोटो काढण्यात चांगला मोबाइल अनेक चित्रे एकावर एक जुळवून सीएक्स405ला सहज मागे टाकतो. पंधरा मीटरवरून मात्र बहुतेक मोबाइल निरुपयोगी ठरतात.

माझे मत असे: सीएक्स405 किंवा त्या वर्गातला कॅमकॉर्डर घ्यायचा असेल, तर तो केवळ चित्रीकरणासाठी घ्यावा, फोटोंसाठी मोबाइल पुरेसा मानावा आणि फोटोचे बटण मागच्या रांगेतून लांबचे टिपण्यासाठीच राखावे. एकाच यंत्रावर भागवायचे असेल, कार्यक्रम तासाहून मोठा असेल आणि प्रिंट 6×9च्या पुढे जाणार नसेल, तर एएक्स53 हा समतोल पर्याय आहे. अल्बम हाच मुख्य उद्देश असून चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत चालणार असेल, तर एफझेड1000. आरएक्स100 घरच्या मुंजीला आणि बारशाला उत्तम, कारण तिथे तुम्ही जवळ असता. वापरलेला नग घेत असाल, तर दुकानात स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे, चित्रीकरण चालू असताना फोटोचे बटण चालते का ते तुम्ही वापरणार त्याच चित्रीकरण-प्रकारात तपासावे, कारण काही प्रकारांत ते बंद असते, आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काढलेल्या फोटोची 5×7 प्रिंट लॅबमधून काढून मगच पैसे द्यावेत.