चोडणचे पक्षी अभयारण्य: तिथी पाहून निघावे

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावणारी महादयी गोव्यात मांडवी होते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी चोडण बेटाला वळसा घालते. या बेटाच्या पश्चिम टोकाला, केवळ १७८ हेक्टर खारफुटीत, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य मी दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळचे अनुभव इतके वेगळे होते की एकच अभिप्राय देणे अन्यायाचे ठरेल.

पहिल्या खेपेस आम्ही बेळगावकरांच्या रविवारच्या पद्धतीने निघालो: सकाळी आठला नाश्ता, मग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, आणि साडेअकराच्या सुमारास रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे. त्या दिवशी पौर्णिमा होती, हे आम्ही लक्षातच घेतले नव्हते. भरतीने खाडी काठोकाठ भरलेली, झाडांची मुळे पाण्याखाली गेलेली आणि ऊन डोक्यावर. तासाभराच्या फेरीत चार बगळे व एक घार दिसली. नावाड्याने यंत्र एकदाही बंद केले नाही, त्यामुळे जे काही होते तेही उडून गेले असावे. भाड्याचे पैसे वाया गेले असे तेव्हा वाटले, आणि आजही वाटते.

कोकणातील जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमेला ती सव्वाअकरा, तर षष्ठीला साडेचार. हा आडाखा अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, परंतु बेत आखण्यास पुरेसा आहे. दुसऱ्या वेळी, जानेवारीत, आम्ही षष्ठी निवडली, आदल्या रात्री पणजीत मुक्काम केला आणि उजाडताच वल्ह्याच्या होडीत बसलो. ओहोटी अर्ध्यावर आली होती. ही वेळ मोलाची, कारण पाणी पुरते ओसरल्यावर होडी अरुंद फाट्यांत शिरत नाही आणि पुरते भरल्यावर चिखल दिसत नाही. पक्ष्यांचे सारे अन्न तर त्या चिखलातच असते. तिवरांची श्वासमुळे खिळ्यांसारखी वर आलेली होती, त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या, आणि एक नांगी अवाढव्य असलेले इवले खेकडे ती हलवून एकमेकांना धमकावत होते. काळ्या टोपीचा खंड्या आम्हांला होडीपासून दहा हातांवर, पुरी पाच मिनिटे, निश्चिंत बसलेला पाहायला मिळाला. शेपटी सतत हलवणारे तुतवार, करड्या रंगाचे समुद्रबगळे व ब्राह्मणी घारी यांची तर मोजदाद सोडूनच दिली. पाणमांजर मात्र दिसले नाही.

नावाड्याने तिवराचे एक पान चाटून पाहायला सांगितले. झाड जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते, ते जिभेला लगेच कळते. सोबत आई होती; तिचे माहेर जांबोटीकडचे, म्हणजे महादयीच्या उगमाच्या रानाजवळचे. तिने पान चाटले, पाण्यात बोट बुडवून तेही जिभेला लावले आणि म्हणाली, "आमच्या रानातलं पाणी इथं येऊन खारट झालं की रे."

सोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुर्बीण स्वतःची न्यावी, भडक कपडे टाळावेत, भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि होडी वल्ह्याचीच मागावी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य. पावसाळ्यात धुक्यातल्या चोर्ला घाटातून एवढ्यासाठी जाऊ नये. लहान मुलांना दोन तास शांत बसवणे शक्य नसेल तर त्यांना घरी ठेवलेले बरे, मग ती कितीही रडोत. मी पुन्हा जाणार आहे, पण सप्तमीच्या पुढे नाही, कारण तेव्हा उजाडताना भरतीचेच पाणी असते.