विनएमटीआर: आवाज नेमका कुठे तुटतोय ते दाखवणारं

संध्याकाळी सात ते नऊ मी घरून दहावीच्या गणिताची ऑनलाइन शिकवणी घेते. गेल्या पावसाळ्यात रोज साडेसातच्या सुमारास मुलं म्हणायला लागली, "मॅडम, आवाज तुटतोय." नेटवाल्यांना फोन केला की एकच उत्तर: राउटर बंद करून चालू करा. पदरचे पैसे घालून नवा राउटर आणला, तरी तेच.

मग भाच्याने विनएमटीआर दिलं, नेटची वाट तपासणारं छोटं सॉफ्टवेअर. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. मूळ एमटीआर मॅट किंबल यांनी १९९७ साली लिहिलं, हे त्याचं विंडोजवरचं भावंड. पत्ता टाकून स्टार्ट दाबलं (मी ८.८.८.८ टाकते, तो गूगलचा सर्व्हर) की तिथपर्यंतच्या वाटेतला एकेक राउटर ओळीने दिसतो आणि आकडे सेकंदासेकंदाला पुढे सरकतात. अशीच वाट दाखवणारी विंडोजची ट्रेसर्ट ही आज्ञा प्रत्येक टप्प्यावर तीनदा विचारून थांबते. मधूनच होणारा बिघाड त्यात निसटतो.

लॅपटॉपला लॅनची वायर लावली, वायफाय बंद केलं आणि साडेसातला सुरू केलं. पहिली ओळ १९२.१६८.१.१, म्हणजे घरचा राउटर: लॉस (वाटेत हरवलेल्या डेटाचं प्रमाण) शून्य. दुसरी ओळ नेटवाल्यांची: १४ टक्के. तिथून थेट शेवटच्या ओळीपर्यंत १३-१४ टक्केच. सकाळी दहाला बघितलं तर सगळीकडे शून्य. माझा जुना राउटर बिचारा चांगलाच होता!

एक गोष्ट मात्र समजून घ्या. एकदा पाचव्या ओळीत ६० टक्के दिसले तेव्हा मी घाबरले होते. पण त्याच्या खालच्या ओळींत तेवढा लॉस नव्हता. काही राउटर अशा चौकशीला मोजकीच उत्तरं देतात, पुढचा डेटा मात्र नीट पाठवतात. लॉस एका ओळीत सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच त्या ओळीकडे बोट दाखवा.

उणिवा आहेत. अहवालात तारीख-वेळ येत नाही, ती मी हाताने लिहिते. परतीची वाट वेगळी असू शकते, ती यात दिसत नाही. पण सकाळ-संध्याकाळचे दोन्ही अहवाल नेटवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तेव्हा पहिल्यांदाच कोणी राउटरचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गल्लीची लाइन दुसऱ्या पोर्टवर टाकली. त्या संध्याकाळी त्रिकोणमितीचा अख्खा तास झाला, आणि आवाजाबद्दल एकाही मुलाने विचारलं नाही.