पुडीवरच्या नंबराला फोन लावला, त्याबद्दल

तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, त्याच्याजवळच एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८पासून तो पुडीवर आणि सिगारेटच्या पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्या खिशातच तो रोज फिरतो. तरी माझ्या ओळखीत तो कोणी लावलेला नव्हता. मी लावला, आणि या सेवेबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं. मी ख्रिस्ती माणूस आहे. तंबाखू सुटली त्यात प्रार्थना, पवित्र शास्त्र आणि हा फोन असं तिन्ही होतं, त्यामुळे लिहितानाही ती तिन्ही एकत्रच येतील.

मी श्रीरामपूरकडचा. साखर कारखान्यात फिटर होतो, आता निवृत्त आहे. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, भजनी गटात पेटी वाजवतो. तंबाखू लागली ती कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, पोरवयात, रात्रपाळीला. आमच्या भागात हे काही वेगळं सांगायला नको. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरत होते. ओढणारे मात्र चार टक्क्यांच्याही आत. आमच्याकडे तंबाखू म्हणजे तळहातावरची. भजनाच्या मध्यंतरात चंची फिरते. एक जण मळतो, चुना लावतो, थाप मारून भुकटी उडवतो आणि चौघांना चिमूट चिमूट देतो. नुकतंच येशूच्या दुःखसहनाचं पद म्हणून झालेलं असतं, डोळे ओले असतात, आणि हात चंचीकडे गेलेले असतात.

याबद्दल मंडळीत कोणी बोलत नाही. दारूवर उपदेश होतात, तंबाखूवर नाही. झालाच तर करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ते एक वचन येतं, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. वचन खरंच आहे, पण ते ऐकून मी लाजेने मान खाली घालायचो आणि बाहेर पडल्यावर लाज विसरायला चिमूट लावायचो. दुसरीकडे साक्षी असतात. कोणी उभं राहून सांगतो, गुडघे टेकले आणि त्या रात्रीपासून तंबाखूची इच्छाच गेली. अशा साक्षींवर माझा विश्वास आहे. प्रभू तसंही करतो. पण ज्याची इच्छा तशी जात नाही तो मागच्या बाकावर बसून समजतो की आपला विश्वासच कमी. प्रेषित पौलासारखा माणूस रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि जे नको तेच करतो. तो अध्याय मागच्या बाकांसाठी मोठ्याने वाचला पाहिजे.

आता सेवेबद्दल. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा. २०१६मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. नंतर मुंबईत टाटा मेमोरियल, बेंगळुरूत निम्हान्स आणि गुवाहाटी अशी केंद्रं जोडली गेली, म्हणजे लोकांना आपापल्या भाषेत बोलता यावं. फोन फुकट आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद.

माझ्याशी ज्या ताई बोलल्या त्यांनी मराठीतच विचारपूस केली. मला वाटलं होतं कर्करोगाची भीती घालतील, आकडे सांगतील. त्यातलं काही नाही. पहिलाच प्रश्न असा: "काका, सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात लागते?" हा प्रश्न उगीच नसतो. उठल्या उठल्या लागत असेल तर शरीर निकोटिनला किती बांधलं गेलंय ते त्यावरून कळतं. मग दिवसभरातल्या वेळा विचारल्या. कोणत्या वेळी भुकेसारखी लागते, कोणत्या वेळी नुसती हाताला सवय म्हणून, कोणासोबत, चहाआधी की नंतर. मी बोलत गेलो आणि ऐकता ऐकता मलाच माझा दिवस दिसायला लागला. आयुष्यभर मी "तंबाखू सुटू दे" अशी एक मोठी प्रार्थना करत आलो होतो. दुपारच्या जेवणानंतरच्या चिमटीसाठी वेगळी, चहाच्या चिमटीसाठी वेगळी, भजनाच्या मध्यंतरासाठी वेगळी प्रार्थना करावी हे कधी सुचलं नव्हतं. ताईंना म्हणालो, मी प्रार्थना करणारा माणूस आहे. त्या म्हणाल्या, "मग ज्या वेळी तलफ येते तीच प्रार्थनेची वेळ ठरवा. आणि हाताला काम द्या." मला या सेवेतलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे वाक्य.

नंतर तारीख ठरवतात. फार लांबची नाही, जवळचीच. त्याआधी घरात सांगायचं, चंची आणि चुन्याची डबी घरातून, गाडीतून, पेटीच्या खोक्यातून काढून टाकायची. तलफ आली की करायच्या चार गोष्टी सांगतात: थोडा वेळ टाळायचं, खोल श्वास घ्यायचे, पाणी प्यायचं, दुसऱ्या कामाला लागायचं. तलफ काही मिनिटांचीच असते, ती चढते आणि उतरते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, मग दोन ते चार आठवडे चिडचिड, झोप कमी, तोंड कडवट, भूक जास्त. हे आधी सांगितलं म्हणून माझ्या घरचे घाबरले नाहीत. सूनबाईने चार दिवस माझ्या तुसड्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. ठरलेल्या तारखेनंतर ते लोक स्वतःहून फोन करतात. त्या फोनची मी वाट पाहायचो, हे मला अगदी मनापासून नोंदवायचं आहे.

"हाताला काम द्या" हे ऐकलं तेव्हा मला इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय आठवला. तिथे पौल म्हणतो, जुना मनुष्य काढून टाका आणि नवा धारण करा. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. चोरी करणाऱ्याला तो चोरी करू नको म्हणतो, लगेच पुढे म्हणतो की हातांनी कष्ट कर, आणि त्याही पुढे, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. जे हात घेत होते त्यांना देण्याचं काम दिलं. निवृत्त झाल्यापासून माझे हात दुपारी रिकामे असायचे. डावा तळहात आणि उजवा अंगठा जेवण झालं की आपोआप एकमेकांकडे जायचे.

मी वही आणि पेन घेतलं आणि स्तोत्र ११९ हाताने उतरवायला लागलो. ते निवडण्याचं कारण सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. हे शास्त्रातलं सगळ्यात मोठं स्तोत्र, १७६ वचनांचं. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं आहेत, म्हणून त्याचे २२ भाग, प्रत्येक भागात आठ वचनं. आठ वचनं सुवाच्य अक्षरात लिहायला तलफेपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि रोज एक भाग धरला तर कठीण आठवड्यांतले २२ दिवस भरतात. कोणी बसून हिशेब केला असता तरी इतका नेमका जमला नसता. १०५वं वचन, तुझं वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखं, ते शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेतल्या, प्रत्येक पोराला पाठ असतं. ते चौदाव्या भागाचं पहिलं वचन आहे. मी तिथपर्यंत पोचलो तोवर दुपारची तलफ दुबळी झाली होती, आणि वही उघडायची ओढ लागली होती. ती ओढ अजून आहे. आता नीतिसूत्रे चालू आहेत.

याच ठिकाणी मंडळीतली एक जुनी रीत मला खटकते. लेंटमध्ये, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्यातले पुष्कळ जण तंबाखू बंद ठेवतात. रविवार सोडून ४० दिवस. खरंच ठेवतात, निष्ठेने. आणि ईस्टरच्या पहाटेची उपासना संपली की मैदानातच पुडी फाडतात. लूकच्या ११व्या अध्यायात येशूने सांगितलंय की अशुद्ध आत्मा घरातून निघून जातो, परत येतो तर घर झाडून नीटनेटकं केलेलं सापडतं, मग तो आपल्याहून वाईट सात जण घेऊन येतो. झाडून ठेवलं होतं, पण आत राहायला कोणी आलं नव्हतं. ज्याला ४० दिवस जमतं त्याची ताकद कमी नाही. ४१व्या दिवशी त्या जागी काय असेल हे त्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि मंडळीने ते विचारायला हवं.

औषधाबद्दलही बोलायला हवं. चुना लावल्याने तोंडातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं. म्हणून चुन्याच्या तंबाखूची पकड घट्ट असते. यात विश्वास कमी असल्याचा काही संबंध नाही, हे शरीराचं काम आहे. मी आमच्या डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेतलं. ते साध्या गोळीसारखं चावत राहायचं नसतं. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा थोडं. चहाच्या आधी पंधरा मिनिटं नाही, बरोबर नाही. मंडळीतल्या एका भावाने विचारलं, प्रभू पुरेसा नाही का? मी त्यांना तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय पाच, वचन २३ काढून दाखवलं. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्या प्रेषिताच्या प्रार्थनेने लोक बरे झाले, त्याने आपल्या लेकरासारख्या शिष्याला औषध सांगितलं.

फोनने जे होत नाही तेही सांगतो. रात्री आठनंतर तिथे कोणी नसतं, आणि रात्रपाळीवाल्यांची तलफ रात्रीचीच असते. त्या वेळेसाठी माणूस हवा. याकोब म्हणतो, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. मी आमच्या भजनी गटातल्या टाळकऱ्याला धरलं; रात्री कितीही वाजता फोन करायचा असं ठरलं, आणि फोनवर उपदेश करायचा नाही, एक पद म्हणायचं, एवढंच. सोमवारी सेवा बंद असते, म्हणून सोडण्याचा दिवस सोमवार किंवा रविवार धरू नये. मंगळवार उत्तम. आणखी, तोंड ही फोनवर पाहण्याची गोष्ट नाही. गालात पांढरा डाग असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, तर दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्यावं, आजच.

बायकांसाठी वेगळं लिहितो, कारण मिश्रीला कोणी तंबाखू धरत नाही. भाजलेली, दळलेली तंबाखूच ती. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा बोट फिरतं. महिला संघातल्या भगिनींनी हा नंबर निःसंकोच लावावा. चेहरा दिसत नाही, गावात कळत नाही.

घरच्यांनी त्याच्या वतीने फोन करून काम होत नाही; ज्याची सवय त्यालाच बोलावं लागतं. आमच्या ढोलकीवाल्याला मी दोनदा नंबर लावून दिला, पण तिसऱ्यांदा त्याने स्वतः लावला तेव्हाच त्याचं बोलणं झालं. तो महिनाभर थांबला आणि एका लग्नाच्या वऱ्हाडात पुन्हा सुरू केली. पुढच्या फोनवर त्याने खरं सांगितलं. त्याला बोलणी बसली नाहीत. फोनवरच्या ताईंनी वऱ्हाडात नेमकं काय झालं ते विचारून घेतलं आणि नवी तारीख मागितली. नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो असं लिहिलंय. त्या ताईंचा धर्म कोणता मला ठाऊक नाही, पण पडलेल्या माणसाशी कसं बोलावं हे आमच्या मंडळीतल्या वडीलजनांनी त्यांच्याकडून ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

पाचपैकी पाच देतो. रात्रीची वेळ वाढावी आणि सोमवारही चालू व्हावा ही विनंती.

पाळकसाहेबांशी बोलणं झालंय. पुढच्या लेंटच्या आधीच्या रविवारी हा नंबर व्यासपीठावरून वाचून दाखवायचा, सूचना फलकावर लावायचा, आणि ज्यांना सोडायची आहे त्यांना स्तोत्र ११९साठी शंभर पानी वह्या द्यायच्या. वह्यांचा खर्च भजनी गट करणार आहे. सोडण्याचा दिवस भस्म बुधवार ठेवलाय, त्या दिवशी फोन चालू असतो.