पाळणाघरात पाठवू की घरी ठेवू? रोज सकाळी पडणारा प्रश्न

आधी माझं मत सांगून टाकते. नाक गळतंय एवढ्यावरून रजा टाकू नका आणि ताप औषधाने उतरवून मुलाला पाळणाघरात सोडू नका. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं, आमच्याकडेही व्हायचं, कारण शेंबूड सगळ्यांना दिसतो आणि ताप क्रोसिन दिलं की चारेक तास दिसेनासा होतो. माझी लेक सव्वा वर्षाची असताना पाळणाघरात जायला लागली, आता साडेतीनची आहे, त्यातून जे कळलं आणि आमच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते लिहितेय.

सर्दी की ताप

लहान मुलांना वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, पाळणाघरातल्या पहिल्या वर्षी तर जास्तच होते. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला कधीकधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे दरवेळी घरी ठेवायचं म्हटलं तर वर्षातले दोन-अडीच महिने घरीच. आणि त्याने इतर मुलं वाचतात असंही नाही, कारण सर्दी दिसायच्या आधीच पसरायला लागलेली असते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे लगेच अँटिबायोटिक लागतं असंही नाही. मूल खातंय, खेळतंय, ताप नाही, झोप बरी झालीये तर बिनधास्त पाठवा, सोबत दोन जास्तीचे रुमाल द्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय किंवा छातीत घरघर आहे तर मात्र पाळणाघरही नको आणि घरही नको, सरळ डॉक्टर.

ताप वेगळा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप, आणि औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच पाठवायचं. यातला 'औषधाशिवाय' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. एकदा मी सकाळी सातला सिरप देऊन लेकीला सोडलं, मला हिंजवडीला महत्त्वाची मीटिंग होती, साडेअकराला फोन आला की १०२ आहे, आणि तिथून कोथरूडला पोचायला मला सव्वा तास लागला. तेवढा वेळ ती मावशींच्या मांडीवर ग्लानीत पडून होती आणि बाकीच्या सात मुलांकडे एकट्या काकू बघत होत्या. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही पण तिला तसं बघून मला जे वाटलं ते मी विसरलेली नाही, त्यानंतर परत असं कधी केलं नाही. (तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आला तर वाट बघायचीच नाही, लगेच दाखवायचं.)

उलटी की जुलाब

खोकता खोकता कफासकट दूध बाहेर आलं, एकदाच, आणि नंतर पोरगं नाचतंय, तर ते पोटाचं दुखणं नाही. पण दिवसभरात दोनदा उलटी झाली किंवा पाण्यासारखं व्हायला लागलं तर घरीच. आता परत कधी पाठवायचं यावर दोन मतं आहेत. ब्रिटनमध्ये शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यावर ४८ तास थांबायला सांगतात, अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना त्या मानाने सैल आहे, शी डायपरमध्ये राहतेय आणि नेहमीपेक्षा फार वेळा होत नाहीये तर चालतं म्हणतात. मी ४८ तासच पाळते. कारण आपल्याकडे बऱ्याच पाळणाघरांत ज्या मावशी डायपर बदलतात त्याच खाऊपण भरवतात, आणि जुलाबाच्या काही व्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, साबण-पाण्याने नीट हात धुवावेच लागतात. घरी असताना ओआरएस घोट घोट देत राहायचं आणि शू किती वेळा होतेय त्यावर लक्ष ठेवायचं. सहा-आठ तास शू झाली नाही तर डॉक्टरांकडे.

डोळे आलेत की हात-पाय-तोंडाचे फोड

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हा आमच्या पाळणाघरात अर्धी मुलं लाल डोळ्यांनी घरी. परदेशातल्या बऱ्याच नियमांत नुसते डोळे आले म्हणून घरी बसवत नाहीत, पण दोन वर्षांचं मूल डोळे चोळून तोच हात खेळण्याला लावतं, म्हणून चिकट घाण येणं थांबेपर्यंत मी घरी ठेवीन.

हात-पाय-तोंडाच्या फोडांचं (हँड-फूट-माऊथ) जरा अवघड आहे. त्याचा व्हायरस शीमधून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणजे पूर्ण जाईपर्यंत थांबणं शक्यच नाही. ताप गेला, लाळ गळायची थांबली, तोंडातले फोड बरे होऊन दहीभात नीट खातेय, की आरोग्याच्या दृष्टीने पाठवायला हरकत नसते, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फोड सुकल्याची डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, ती द्यावी, वाद घालू नये.

कांजण्या आणि गोवर यात तुलना करण्यासारखं काही नाही, घरीच. कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ आल्यावर निदान चार दिवस. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली होती, म्हणून ९ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या आसपासचा डोस झालाय ना ते कार्ड काढून बघा. उवांसाठी घरी ठेवायची गरज नाही, रात्री औषध लावून सकाळी पाठवा.

घरी ठेवायचं ठरलं, पण कोणाकडे

वर्क फ्रॉम होम आणि आजारी मूल हे दोन्ही एकाच वेळी होत नाही, मी करून बघितलंय, दोन्हीकडे अन्याय होतो. त्यापेक्षा सरळ रजा बरी, आम्ही एक दिवस मी एक दिवस नवरा असं वाटून घेतो आणि दोघंही चार-चार रजा पावसाळ्यासाठी राखून ठेवतो. आजी-आजोबा असतील तर भाग्यच, पण त्यांना डायबेटिस किंवा दमा असेल तर तापाच्या आणि उलट्यांच्या मुलाला त्यांच्या गळ्यात टाकताना दहादा विचार करा. अर्धा दिवस पाठवूया हा पर्याय मला पटत नाही, लागण व्हायला अर्धा दिवस पुरतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१७ पासून कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, तुमच्या ऑफिसात असेल तर फोन आल्यावर पाच मिनिटांत पोचाल, पण तापाचा नियम तिथेही तोच ठेवा.

आणि ॲडमिशन घेताना फी, जेवण, कॅमेरे हे सगळं विचारतोच, त्यासोबत एवढंही विचारा की मावशी आजारी पडल्या तर त्यांचा पगार कापता का. कापत असतील तर त्या अंगात ताप असतानाही कामावर येणार आणि तुमच्या मुलाला घास भरवणार.